लेओव्हरच्या पैशावर टॅक्स लागतो का? केबिन क्रू आणि पायलटसाठी

(टेबलावर पगाराची स्लिप, शेजारी प्लॅस्टिकचं फोल्डर.)

नमस्कार. हे असंच एक फोल्डर घेऊन मागच्या जुलैत घोडबंदर रोडला राहणारी एक केबिन क्रू मुलगी माझ्याकडे आली होती. रात्रीची फ्लाइट करून, घरी न जाता थेट ठाण्यातल्या माझ्या ऑफिसात. आत वर्षभरातल्या लेओव्हरची, म्हणजे दोन फ्लाइटच्या मध्ये परगावी मुक्काम पडतो त्या दिवसांची, जेवणाची आणि टॅक्सीची बिलं, अगदी तारखेनुसार लावलेली. मी एकेक काढत गेले आणि पोटात गोळाच आला. थर्मल कागद तो, शाई उडून गेलेली. कुठे हॉटेलचं अर्धं नाव दिसतंय, रकमेचा पत्ता नाही. पोरीने वर्षभर जिवापाड जपले ते कोरे कागद.

तिच्या कंपनीने लेओव्हरचा सगळा भत्ता पगारात धरून टीडीएस, म्हणजे पगारातूनच आगाऊ कर, कापला होता. ती म्हणाली, "मॅडम, घरापासून लांब राहावं लागतं म्हणून दिलेला पैसा माझी कमाई कसा?"

प्रश्न बरोबर आहे, आणि कायद्यातही त्याला उत्तर आहे. मी आज जे सांगतेय ते आर्थिक वर्ष 2025-26 चं, म्हणजे 1961 च्या आयकर कायद्याप्रमाणे. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झालाय, त्याचा हिशेब त्या वर्षापासून पुढे.

कलम 10(14) आणि नियम 2बीबी. यात बघायचं एवढंच की पैसा कशासाठी दिलाय. स्लिपवर "अलाउन्स" लिहिलंय म्हणून तो करमुक्त होत नाही. उडालेल्या तासांवर मिळणारा फ्लाइंग अलाउन्स हा कामाचा मोबदला आहे, तो पगारच. ग्रूमिंगचे पैसे बहुतेक वेळा पगारातच जातात. पण बेसपासून, म्हणजे नेमणुकीच्या विमानतळापासून, लांब असताना रोजच्या खर्चासाठी मिळणारा दैनिक भत्ता, ज्याला तुम्ही डीए (महागाई भत्ता नव्हे) किंवा पर डिएम म्हणता, तो जितका खरोखर खर्च झाला तितका करमुक्त. उरलेला खिशात राहिला, तर तेवढ्यावर कर.

आता नीट ऐका, कारण इथेच लोक फसतात. "मी न्यू रेजीम घेतली, आता मला काहीच मिळत नाही," असं मला दर सीझनला ऐकायला मिळतं. ते खरं नाही. दैनिक भत्त्याची ही सूट नव्या रेजीममध्येही, म्हणजे दर कमी पण बहुतेक सवलती नसलेल्या करपद्धतीतही, चालते. घरभाड्याची सूट जाते, युनिफॉर्म अलाउन्सचीही जाते, पण डीए राहतो.

आणि त्याची किंमत किती, ते बघा. (वहीवर आकडे लिहिते.) समजा एकूण पगार 13,35,000. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदारांची सरसकट वजावट, 75,000 वजा, राहिले 12,60,000. नव्या रेजीममध्ये 12 लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे पूर्ण करमाफी, आहे, तुम्ही 60 हजारांनी वर गेलात. मार्जिनल रिलीफ, म्हणजे 12 लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त कर न घेण्याची सवलत, धरूनही कर 60,000, वर 4 टक्के सेस, म्हणजे 62,400 रुपये. आता याच पगारात 60,000 हा लेओव्हरचा डीए आहे, आणि तो तुम्ही खरंच खर्च केलाय असं दाखवता आलं, तर उत्पन्न बरोबर 12 लाख. कर शून्य. साठ हजारांच्या बिलांनी बासष्ट हजार वाचतात! म्हणून त्या कोऱ्या कागदांनी मला इतकं वाईट वाटलं. पगार यापेक्षा बराच कमी असेल तर मात्र जीव काढू नका, नव्या रेजीममध्ये तसाही कर शून्य येईल.

जुन्या रेजीममध्ये आणखी एक तरतूद आहे. वाहतूक व्यवस्थेत गाडी, विमान चालू असताना ड्युटीवरच्या वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल, तर त्याचे 70 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 करमुक्त. अट एकच, डीए घेत नसाल तर. रेल्वेचे मोटरमन, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर यांच्याच रांगेत तुम्ही इथे उभे आहात. इथे खर्चाच्या बिलांचा प्रश्न येत नाही. वर्षाचे 1,20,000 झाले, आणि 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून 24,960 रुपये वाचले.

पहाटे तीनला कंपनीची कॅब दाराशी येते ना? तिच्यावर कर नाही. पण कॅबऐवजी घर ते विमानतळ येण्याजाण्याचे पैसे हातात दिले, तर ते करपात्र. स्टाफ तिकिटावर आईबाबांना गोव्याला नेलंत, त्याचाही कर नाही. फुकट किंवा सवलतीच्या प्रवासाचा जो नियम आहे, त्यातून एअरलाइन आणि रेल्वेचे कर्मचारी स्पष्टपणे वगळलेत.

आपल्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट. जुन्या रेजीममध्ये घरभाड्याची सूट मोजताना मुंबईला बेसिकच्या 50 टक्क्यांची मर्यादा आहे, ठाण्याला आणि नवी मुंबईला 40. घर कुठे आहे ते बघतात, बेस कुठे ते नाही. मुलुंड चेक नाका ओलांडला की 50 चे 40 होतात. फॉर्म 16 मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात, कंपनीने सगळ्यांना सरसकट मुंबई धरलेलं मी पाहिलंय. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय. तिथे जवळ पडतं म्हणून उलवे, खारघरला भाड्याने राहायला येणार असाल तर हे आधीच ध्यानात घ्या.

तर त्या मुलीचं काय केलं? कंपनीचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, काढलं, कोणत्या रात्री ती कोणत्या शहरात होती ते त्यात होतंच. शेजारी यूपीआयचं स्टेटमेंट ठेवलं. दिल्लीतल्या रात्रीचं दिल्लीतलं जेवण, बेंगळुरूच्या दिवशीची तिथली टॅक्सी. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघी जुळवत बसलो. रोखीचा खर्च हातचा गेला, बाकी जेवढं जुळलं तेवढंच रिटर्नमध्ये कलम 10(14) च्या ओळीत दाखवलं, एक रुपया जास्त नाही. आता ती बिल हातात आलं की लगेच फोटो काढते आणि महिनाअखेरीला त्या महिन्याच्या रोस्टरबरोबर एका फोल्डरमध्ये टाकते. रोस्टरची पीडीएफ तुम्हीही दर महिन्याला उतरवून ठेवा. नोकरी सोडली की लॉगिन बंद होतं.

तुमच्या स्लिपवर मी न सांगितलेलं एखादं नाव असेल तर खाली लिहा. रक्कम, कंपनी काही नको, फक्त भत्त्याचं नाव आणि तो कधी मिळतो ते.