मतदार यादीत नाव बघितलंत का?

नमस्कार मंडळी! मी रत्नागिरीत, मांडवीला उभी आहे. पाऊस जरा उघडलाय तेवढ्यात बोलून घेते, कारण हा विषय पावसाळ्यातच बोलायचा आहे. एकदा प्रचाराचे भोंगे फिरायला लागले की उशीर झालेला असतो.

7 मे 2024. लोकसभेचं मतदान. मी 19 वर्षांची. आमचं गाव राजापूर तालुक्यात. आदल्या रात्री वस्तीच्या एसटीने घर गाठलं आणि सकाळी आई, काकी आणि मी मराठी शाळेकडे निघालो. शाळेच्या अलीकडे टेबल टाकून बसलेल्या दादांनी यादी काढली. आमच्या घराच्या चौकटी एकाखाली एक होत्या. आजोबा, बाबा, आई, काका, काकी. आणि मध्ये आजी. आजीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिचं नाव, वय, घर क्रमांक, सगळं जागच्या जागी. मी मात्र कुठेच नव्हते. दादांनी पुरवणी यादीसुद्धा उलटून पालटून बघितली. नाहीच.

माझ्या हातात आधार कार्ड होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. आधार, पॅन, पासपोर्ट ही सगळी ओळख पटवायची साधनं. मतदान ओळखपत्र घरी राहिलं तरी यातलं एखादं दाखवून मत देता येतं. पण यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड चालत नाही. तुमचं मत मतदानाच्या दिवशी जात नाही, ते त्याच्या कितीतरी आधी, यादीतच गेलेलं असतं.

मी कॉलेजच्या शिबिरात फॉर्म भरला होता. पुढे त्याचं काय झालं, हे एकदाही विचारलं नाही. ही चूक तुम्ही करू नका.

नवीन नावासाठी फॉर्म 6. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर भरा, नाहीतर तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे द्या. गावात बीएलओ म्हणजे बऱ्याचदा अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेतले गुरुजी, म्हणजे ओळखीचंच माणूस. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा एवढं लागतं. जन्मतारखेला दहावीचं प्रमाणपत्र चालतं. फॉर्म भरल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. अर्ज कुठवर आलाय ते त्यावरच कळतं. अडलंच तर 1950 या नंबरवर फोन करा.

आणि बारावीतल्या मुलांनो, 18 पूर्ण व्हायची वाट बघू नका. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरायचे. 2 जानेवारीला 18 पूर्ण झाली तर वर्षभर थांबा! 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि 17 पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. आपल्या आईबाबांच्या आधीच्या पिढीला तर 21 पर्यंत थांबावं लागायचं. 61वी घटनादुरुस्ती झाली आणि 1989 पासून 18 वर्षांच्या मुलांना मत मिळालं. त्याआधी पदवी हातात यायची तरी मत नसायचं.

आता होस्टेलवाल्यांचा नेहमीचा प्रश्न. नाव गावी ठेवू की इथे आणू? शिकायला बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही मुभा आहे, आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा होस्टेलच्या पत्त्यावर. मात्र दोन्हीकडे नाही, तो गुन्हा आहे. नाव हलवायचं तर फॉर्म 8. माझं मत विचाराल तर गावाला नेहमी जाणंयेणं असेल तर नाव गावीच ठेवा. ग्रामपंचायतीचं मतदान विधानसभेच्या याच यादीवरून होतं. वाडीचा रस्ता, नळाचं पाणी, विजेचे खांब, हे जिथे ठरतं तिथे प्रभागात मतदार काहीशेच असतात. पण तुम्ही पुण्यात असाल, वर्षातून दोनदाच घरी येत असाल, तर नाव तिकडे न्या. गावच्या यादीतलं जे नाव केंद्रावर पोचतच नाही, त्याचा गावालाही उपयोग नाही.

एका मताने काय होतंय, असं मैत्रिणी म्हणतात. त्याच 2024 च्या निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला. जोगेश्वरी, गोरेगाव, जिथे आपले कितीतरी चाकरमानी राहतात. पहिल्या दोघांच्या मतांची बेरीज 9 लाखांच्या वर, आणि फरक 48. एक भरलेली एसटी, बस! आणि उमेदवारच पटत नसतील तर 2013 पासून नोटाचं बटण आहे. घरी बसलात तर तुम्ही नाराज होतात की झोपला होतात, हे कुणाला कळणार?

आपल्या तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने आधी नाथ पै, मग 1971 पासून 1989 पर्यंत सलग पाच वेळा मधु दंडवते निवडून दिले. दंडवते रेल्वेमंत्री झाले, कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर झटले. आज आपण मांडवी एक्स्प्रेसने जातो तेव्हा त्यात त्या मतांचाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

तर करायचं कधी? गणपतीत. घर भरलेलं असतं, मुंबईचे सगळे आलेले असतात, कागदपत्रं कपाटात हाताशी असतात. आम्ही त्या वर्षी तेच केलं. दुपारची जेवणं झाल्यावर ओटीवर बसून यादी उघडली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. काकीच्या नावात काना राहिला होता, तिचा फॉर्म 8 भरला. माझा 6 पुन्हा भरला, या वेळी क्रमांक वहीत लिहून.

आजीच्या नावापाशी आई म्हणाली, "असू दे की, कुणाच्या आड येतंय?" काका म्हणाले, वहिनी, तिच्या नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला तर? आई काही बोलली नाही. उठली, आत गेली आणि मृत्यूचा दाखला घेऊन आली. नाव कमी करायला फॉर्म 7 लागतो. तो तिने स्वतः भरला, हळूहळू, एकेक अक्षर काढत.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. तीच शाळा, तेच टेबल. दादांनी पान उघडलं. आजीचं नाव नव्हतं. पुरवणीत शेवटून तिसरी चौकट माझी होती.