विमान आवाजाच्या पुढे असतं

मंडळी, मी कोल्हापूरचा, मूळचा लग्नाचे फोटो काढणारा माणूस. नवरा-नवरी स्टेजवर उभी असतात, 'इकडे बघा' म्हटलं की बघतात. फार तर एखादा मामा मध्ये येतो. तेवढ्या भांडवलावर मी पहिल्यांदा बंगळूरजवळच्या येलहंक्याला 'एरो इंडिया' हा विमानांच्या कसरतींचा शो टिपायला गेलो. सोबत भाड्याने आणलेली १५०-६०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. दिवसभरात अकराशे फोटो काढले. रात्री लॉजवर बघतो तर निम्म्यांत नुसतं आभाळ, उरलेल्यांत विमानाची शेपटी. एकात पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांची टोपी होती, ती मात्र झकास फोकसमध्ये.

मी कानाने विमान शोधत होतो. गल्लीत बुलेट आली की आपण आवाजाकडे मान वळवतो आणि बुलेट तिथंच सापडते. विमान सापडत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान किलोमीटरभर लांब असलं तर आवाज आपल्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात, आणि ताशी ७०० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात पावणेसहाशे मीटर पुढे निघून गेलेलं असतं. आवाज बिंदू चौकात आणि विमान अंबाबाईच्या देवळावर, असला प्रकार. म्हणून आवाज आला की त्याच्या पुढचं आभाळ चाळायचं. त्याहून बरं म्हणजे आवाजाची वाटच बघायची नाही. प्रेक्षकांसमोरून विमानं ज्या रेषेत जातात ती ठरलेली असते. समालोचक आधी सांगतो, डावीकडून येतंय की उजवीकडून. कार्यक्रम दोन-तीन दिवस असेल तर कसरतींचा क्रमही बहुधा तोच राहतो. मी आता पहिल्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता बघतो. बायको म्हणते, एवढे पैसे घालून बघायलाच जायचं तर टीव्ही काय वाईट होता!

आता उभं राहणं. तालमीत वस्ताद पोराचे पाय आधी बघतात, तसं आपलेही बघायला हवेत. विमान जिथं टिपायचं त्या दिशेला पावलं रोवायची आणि कंबर मागे वळवून ते येतंय तिकडे तोंड करायचं. मग विमानाबरोबर कंबर सोडत यायचं. टिपायच्या जागी येईपर्यंत अंग सरळ झालेलं असतं, तिथं हात सगळ्यात स्थिर. बहुतेक जण उलट करतात. येणाऱ्या विमानाकडे पाय करतात आणि ऐन वेळी अंगाला पीळ पडून अडकतात. बटण दाबल्यावरही वळत राहायचं. दाबलं आणि थांबलो की फोटो हलला. कोपरं बरगड्यांना टेकवा. ट्रायपॉड घरी ठेवा, गर्दीत तो फक्त लोकांच्या पायात येतो.

शटरचं गणित जेटसाठी सोपं आहे. १/२००० सेकंद ठेवलं तर ७०० च्या वेगातलं विमान तेवढ्या वेळात दहाएक सेंटिमीटरच सरकतं, आणि तुम्ही त्याच्याबरोबर वळताय म्हटल्यावर तेही भरून निघतं. खरी गंमत पंख्याच्या विमानांत. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर एटीआर हे पंख्याचं प्रवासी विमान येतं ना? त्याच्या पंख्याला सहा पाती. टेकऑफला तो मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. १/१००० ला पातं जेमतेम सात अंश फिरतं, आणि फोटोत विमान आभाळात टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/१२५ ला ते सत्तावन्न-अठ्ठावन्न अंश फिरतं. दोन पात्यांमधलं अंतर साठ अंश, त्यामुळे जवळजवळ अख्खी चकती उमटते. हेलिकॉप्टर आणखी हट्टी. हवाई दलाच्या 'सारंग' पथकाच्या ध्रुव हेलिकॉप्टरचा वरचा पंखा मिनिटाला तीनशेच्या आसपास फिरतो. १/१२५ लाही पातं चौदा-पंधरा अंशच सरकतं. तिथं १/६० पर्यंत उतरायची छाती हवी, आणि मग दहांतले आठ फोटो हलणार हे धरून चालायचं. मिररलेस कॅमेरेवाल्यांनी इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. त्यात बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, तोवर पातं पुढे गेलेलं असतं आणि केळ्यासारखं वाकडं उमटतं.

फोकस सतत चालू राहणारा ठेवा, एवढं पुरे. मेनूतल्या बाकीच्या खुंट्यांवर लोक तास तास भांडतात. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्याला कुठला मेनू होता?

उजेडाने मात्र मला जास्त छळलंय. पांढरट ढगाळ आभाळ असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि विमानाचा कावळा होतो. तिथं एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवा. गडद निळ्या आभाळात हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाची लाल-पांढरी हॉक जेट विमानं आली की उलटं. वाढवलेलं तसंच राहिलं तर पांढरा रंग जळतो. आणि दुपारी धावपट्टी तापल्यावर खाली असलेलं विमान टिपू नका. तापलेली हवा थरथरते, तिच्यापुढे लाखाची लेन्सही हात टेकते.

सूर्यकिरणची नऊ विमानं एकत्र येतात तेव्हा सगळे जास्तीत जास्त झूम करतात. मीही केलं होतं. नऊ विमानं फुटून चहूकडे पसरली आणि माझ्याकडे एकाचा पंख उरला. ती फुटायच्या आधीच झूम मागे घ्यायचा. दोन विमानं समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडतात, तेव्हा एकच धरायचं. दुसरं चौकटीच्या कडेला दिसलं की बटण दाबून ठेवायचं, पण त्याआधी नाही. मी पाच सेकंद आधीपासून दाबून बसलो होतो. ऐन भेटीच्या क्षणी कॅमेऱ्याची मेमरी भरली आणि कॅमेरा गप्प.

हवा दमट असेल तर लढाऊ विमान जोरात वळतं त्या क्षणी पंखांवर पांढरी वाफ चढते. तिथला दाब एकदम उतरतो, हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. विमानाचं पोट किंवा पाठ आपल्याकडे वळू लागली की तयार राहा.

सराव कुठं करायचा? सकाळी रंकाळा टॉवरपाशी उभे राहा. सूर्य पाठीशी आणि समोर पाण्यावरून बगळे. ते जमलं की घार, आणि ती जमली की शाहू स्टेडियमवर फुटबॉल. पुण्याच्या लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळाबाहेर मात्र लेन्स काढून उभे राहू नका. तिथं फोटोला बंदी असते.

आणि टोपी, पाणी घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरच्या हवाई कसरतींच्या वेळी उन्हात माणसं दगावली आहेत.

एका ताईंची चिठ्ठी आलीय, 'मोबाईलवर काही जमेल का?' जेट सोडून द्या, ताई. पण धुराने आभाळात बदाम काढतात ना, तो माझ्या ६०० च्या लेन्समध्ये बसतच नाही. माझ्या घरी भिंतीवर एअर शोचा एकच फोटो आहे, तो मोबाईलवरचा. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरगी, दोन्ही कानांत बोटं, आणि वर विरत चाललेला धूर. विमान कधीच निघून गेलं होतं.