तेराव्या वर्षी पुरुष

बार मिट्झवा हा ज्यू मुलाच्या तेराव्या वर्षीचा विधी. त्यावर ज्यूंनी स्वतः जेवढे विनोद केले आहेत तेवढे दुसऱ्या कुणी केले नसतील. हे विनोद बाहेरून चिकटवलेले नाहीत. विधीची रचनाच अशी आहे की हसू आतूनच येतं, आणि म्हणूनच ते मला फार मोलाचं वाटतं.

बघा ना. तेरा वर्षं पूर्ण झाली की मुलगा धर्माच्या दृष्टीने जबाबदार पुरुष ठरतो. सार्वजनिक प्रार्थनेला जे दहा पुरुष लागतात, त्यांत त्याची गणती होते. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, आपली मराठी बोलणारी बेने इस्राएल ज्यू मुलंही याच वयात उभी राहतात. आपल्याकडे मुंजीत बटूच्या कानात मंत्र सांगतात आणि तो हळूच म्हणतो. चुकला तर गुरुजी आणि वडील सोडून कुणाला कळत नाही. इथे मुलाला सगळ्या जमावासमोर, मोठ्याने, तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, चर्मपत्रावरून वाचायचं असतं, तेही ठरलेल्या चालीवर. त्या चर्मपत्रावर नुसती व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, चालीच्या खुणाही नाहीत. त्यामुळे सगळं आधी पाठ करावं लागतं, कित्येक महिने. शब्द चुकला की ऐकणारे आजोबा तिथल्या तिथे दुरुस्त करतात. आणि वय कुठलं निवडलंय? नेमकं आवाज फुटण्याचं! पहिली ओळ बाईच्या आवाजात आणि दुसरी बाप्याच्या.

पुढे वडिलांची पाळी. मुलाचं वाचन झालं की बाप एक जुना आशीर्वाद म्हणतो. त्याचा आशय असा, की याच्यापायी मला होणाऱ्या शिक्षेतून ज्याने मला मोकळं केलं, त्याची स्तुती असो. आजवर पोराची पापं बापाच्या खात्यावर होती, आता ज्याचं त्याने बघावं. हे कुणा विनोदी लेखकाने लिहिलेलं नाही, शेकडो वर्षांच्या परंपरेतून आलेलं आहे. बाप सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तोही प्रार्थना म्हणून मोजला जातो! मग लोक मुलावर गोळ्या-चॉकलेटं फेकतात आणि बारकी पोरं ती वेचायला धावतात.

अमेरिकेत एके काळी मुलाच्या भाषणाची सुरुवात ठरलेली असे: ‘आज मी पुरुष झालो.’ त्या काळी या प्रसंगी फाउंटन पेन भेट द्यायची पद्धत होती. प्रत्येक काकाने पेनच आणलेलं. त्यावरून विनोद निघाला, की मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, ‘आज मी फाउंटन पेन झालो.’ पाच शब्दांत केवढं आहे यात! मोठं होण्याची एवढी थोर घोषणा, आणि पोराच्या हातात प्रत्यक्षात पडतं ते पेन.

मेजवानीच्या थाटामाटावरचे विनोद मी आज सोडून देतो. ते कुठल्याही लग्नालाही लागू पडतात.

मला ज्याच्याबद्दल बोलायचंच आहे, ते म्हणजे ब्रिटिश नाटककार जॅक रोझेंथाल यांचं ‘बार मिट्झवा बॉय’. बीबीसीने १९७६ साली दाखवलेलं टेलिव्हिजन नाटक. लंडनचं एक साधं ज्यू कुटुंब, बाप टॅक्सी चालवतो. आईला केसांची आणि संध्याकाळच्या जेवणाची काळजी. मुलगा एलियट, त्याचं पाठांतर चोख. सिनेगॉगमध्ये नाव पुकारलं जातं आणि तो सरळ बाहेर निघून जातो. बहिणीला तो मुलांच्या खेळाच्या मैदानावर सापडतो, आणि तिथे शीर्षासन करून आपला सगळा भाग तिला म्हणून दाखवतो. अक्षरन् अक्षर येत असतं त्याला. मग पळाला का? कारण त्याने घरातले पुरुष पाहिले होते: बाप, आजोबा, बहिणीचा मित्र. पुरुष होणं म्हणजे यांच्यासारखं होणं असेल, तर मला ते नको, असं तो म्हणतो. माझ्या मते त्या दिवशी विधीला खऱ्या अर्थाने गंभीरपणे घेणारा एकटा एलियटच आहे. बाकी सगळे जेवणाच्या टेबलांत अडकलेले. आणि गंमत अशी, की धर्मनियमाप्रमाणे वाचन झालं काय, न झालं काय, तेरावं वर्ष पूर्ण झालं की मुलगा आपोआप जबाबदार होतोच. पळून जायलाही फार उशीर झालेला असतो!

मुलींचा विधी, म्हणजे बात मिट्झवा, पुष्कळ नंतर आला. १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोर्डेकाय कॅप्लन यांनी आपली बारा वर्षांची मुलगी ज्युडिथ हिला सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर वाचायला उभं केलं. अमेरिकेतला हा पहिला बात मिट्झवा मानला जातो. घरात दोन आज्या, दोघींनाही हे पसंत नव्हतं. ज्युडिथने पुढे सांगितलेली आठवण मला फार आवडते. आईची आई म्हणाली, तुमच्या मुलाला सांगा, हे असलं करू नकोस. वडिलांची आई म्हणाली, मुलगा कधी आईचं ऐकतो का? तुम्हीच तुमच्या लेकीला सांगा, म्हणजे ती त्याला सांगेल. दोघींची ही टोलवाटोलवी चालली होती, आणि शनिवारी सकाळी ज्युडिथ वाचायला उभी राहिली. चर्मपत्रावरून नव्हे, स्वतःच्या छापील पुस्तकातून, आणि पुरुषांचं वाचन आटोपल्यावर. पुढे ती संगीताची अभ्यासक झाली, आणि १९९२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, तिने आपला बात मिट्झवा पुन्हा एकदा साजरा केला.