आधी विहीर, मग समुद्र

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय तो असा : 'दक्षिण कोकणात किनाऱ्यावर बारमाही राहायचं, तर देवगड, मालवण की वेंगुर्ले?' त्याचं उत्तर देणार आहे. पण त्याआधी थोडं पाण्याबद्दल बोलू द्या. गाव बघायला आलेला माणूस समुद्र डोळे भरून बघतो आणि विहिरीच्या कठड्यावरून आत वाकायचं तेवढं विसरतो.

माणसं जागा बघायला येतात डिसेंबरात. हवा सुखाची, विहीर काठोकाठ, कळशीभर पाणी काढून प्यायलं की गोड लागतं. व्यवहार ठरतो. मे महिन्यात त्याच विहिरीचा तळ दिसतो, नाहीतर पाणी मचूळ होतं, आणि मग टँकरवाल्याचा नंबर शोधायला लागतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात पाणी नाही, हे घाटावरच्या माणसाला पटतच नाही. पण सह्याद्री आणि समुद्र यांच्यातली पट्टी अरुंद आहे, उतार मोठा आहे आणि वर जांभा दगड आहे. जांभा भोकाभोकांचा. चार महिन्यांत पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावरून वाहत जातं आणि व्हाळाला, खाडीला मिळतं. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची विहीर म्हणूनच मार्चनंतर दम टाकते.

किनाऱ्यालगतच्या पुळणीत गोष्ट वेगळी. तिथे वाळूत मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. याचं एक सोपं गणित आहे. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. गणित उलटंही चालतं. उपसा करून वरची पातळी कायमची एक फूट उतरवलीत, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला लागतं. रहाटानं घागर घागर पाणी काढणाऱ्या पिढ्यांना त्याच विहिरी पुरल्या. मोटर बसली आणि खार चढला, त्याचं कारण हे. आणि मोटर तुमचीच असायला हवी असं नाही. शेजारी पंचवीस खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहतं, ते बोअर मारतं, आणि अख्ख्या वाडीच्या विहिरी मचूळ होतात. माझी खरी तक्रार इथे आहे. वाडीचं पाणी एकाच थरातलं असतं, पण बोअर मारताना वाडीला कुणी विचारत नाही. जागा घ्यायच्या आधी चारी बाजूंना दोनशे-तीनशे मीटर चालून बोअर मोजा. मोकळ्या प्लॉटवर हॉटेलचा फलक लागलाय का, तेही बघा.

आता विहीर तपासायची कशी? वहीत लिहून घ्या. १५ मेनंतर, पहिल्या वळवाच्या आधी जायचं. पाऊस पडून गेला असेल तर वरचा थर पातळ झालेला असतो, तपासणी फुकट. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेन काही शे रुपयांत मिळतो. त्यानं वरच्या पाण्याचं माप घ्या. मग तळाचं पाणी काढा. बाटलीला दगड बांधा, बूच सैल बसवून त्याला वेगळी सुतळी लावा, बाटली तळाला टेकली की सुतळीला झटका द्या. वरच्या आणि तळाच्या आकड्यात मोठी तफावत दिसली तर खार खाली येऊन थांबलाय असं समजा. आता दोन तास मोटर चालवा आणि पुन्हा मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. ३०० चे ३२० झाले तर विहीर सुदृढ आहे. ३०० चे ८०० झाले तर ती जागा सोडा, समुद्र कितीही सुंदर दिसत असला तरी.

मोटर बंद केल्यावर पाणी किती वेळात भरतं, हेही घड्याळ लावून बघा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या आसपास. दोन माणसांना दिवसाला २७० लिटर पुरतात. पण परसात दहा माड असले, तर उन्हाळ्यात माडामागे चाळीस-पन्नास लिटर धरा. म्हणजे माणसांच्या दीडपटीहून जास्त पाणी माड पितात. रात्रभरात चार-पाच इंचसुद्धा पाणी चढलं नाही, तर माड, पाहुणे आणि वॉशिंग मशीन यांतलं काय ठेवायचं ते आधीच ठरवा. (हसू नका, मे महिन्यातले पाहुणे हा कोकणात फार गंभीर विषय आहे.) शौचखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब हवा. आपलाच नव्हे, शेजाऱ्याचाही, कारण जांभ्याच्या भेगा कुंपण मानत नाहीत.

नळाचं पाणी आहे की, असं मागून कुणीतरी म्हणालं. आहे. मालवणला धामापूरच्या तलावाचं, वेंगुर्ल्याला निशाण तलावाचं. पण उन्हाळ्यात नळ रोज येतो की दिवसाआड, हे नगरपरिषदेच्या कचेरीत विचारू नका. त्या गल्लीतल्या तीन घरांत विचारा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. आता भराभर सांगतो.

घर. खारा वारा लोखंड खातो. नवं बांधकाम असेल तर किनाऱ्यालगत काँक्रीट किमान एम-३० प्रतीचं आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आच्छादन हवं. वाळू खाडीची असेल तर धुतलेली आहे का ते विचारा; मीठ राहिलं की दहा वर्षांत स्लॅबचे पापुद्रे सुटतात. बिजागऱ्या, कड्या पितळेच्या घ्या. स्टील घ्यायचंच असेल तर ३१६ नंबरचं, ३०४ ला डाग पडतात. जुनं चिऱ्याचं कौलारू घर मिळालं तर उत्तम, पण दरवर्षी मिरगाआधी शाकारणी करणारा माणूस गावात उरलाय का, हे आधी बघा. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झावळ्यांच्या झडी बांधाव्या लागतात, नाहीतर ओल आत येते आणि कपाटातली पुस्तकं बुरशीला जातात.

पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद, बरीच हॉटेलं बंद. आगोटीची बेगमी मेमध्येच करा. वीज जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या, आणि वीज नाही म्हणजे मोटर नाही, म्हणजे पाणी नाही. म्हणून मोटर असली तरी रहाट काढू नका.

कागद. शेतजमीन घ्यायला शेतकरी दाखला लागतो; तो नसेल तर बिनशेती जागाच बघा. सातबाऱ्यावर बारा नावं असतील तर बाराही सह्या हव्यात, मुंबईतल्या चुलत्याचीसुद्धा. भरतीरेषेपासूनचं अंतर सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या मंजूर नकाशावर बघा, एजंटच्या बोटावर नको.

आणि गाव. देवगड आंब्याची बाग असलेल्यानं निवडावं. बराचसा भाग सड्यावर, रेल्वे तिघांत सर्वांत लांब. मालवणला बाजार, मासे, माणसांची जाग बारा महिने, कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटरवर. पण सुट्टीच्या दिवसांत गाडी लावायला जागा नाही, आणि तारकर्लीच्या बाजूला बोअरचा धोका सर्वांत जास्त. साठी ओलांडलेल्यांना मी वेंगुर्ले सांगतो. कुडाळ आणि सावंतवाडी ही दोन्ही स्टेशनं आवाक्यात, कचऱ्याची व्यवस्था नावाजलेली, गोव्याचा मोपा विमानतळ जवळ. आणि मोठं दुखणं आलं तर जिल्ह्याचे लोक वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात, तो रस्ता इथूनच तिघांत सर्वांत जवळचा. रात्री दोन वाजता याचा अर्थ कळतो.

तरीही लगेच विकत घेऊ नका. १० मे ते गणपती, एवढे दिवस भाड्यानं राहा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं, ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

घंटा झाली. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, तेव्हा ज्यांनी सातबारे सोबत आणलेत त्यांनी बाहेर व्हरांड्यात या, एकेक बघू. विहिरीचं पाणी बाटलीत आणलं असेल तर तेही आणा, पेन माझ्या खिशात आहे.