पाठीतला रॉड किती वर्षं पुरतो?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीची पाठ वाकडी आहे हे सगळ्यांत आधी लक्षात आलं ते ड्रेस शिवणाऱ्या मावशींच्या. "हिचा एक खांदा वर राहतोय, माप बसत नाही," असं त्या म्हणाल्या. एक्स-रे काढला तर बाक ५८ अंशांचा. वाढीच्या वयात बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला की बहुतेक वेळा ऑपरेशनचा विचार करावा लागतो. वाकडा कणा सरळ धरून ठेवायला पाठीत बसवतात ते धातूचे रॉड आणि स्क्रू मी त्या आईच्या हातात दिले, सगळं समजावलं. तिनं रॉड उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "डॉक्टर, हा हिला जन्मभर पुरेल ना? की परत पाठ उघडावी लागेल?"

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, कारण ऑपरेशन होऊन दहा-वीस वर्षं झालेली कितीतरी माणसं मनात हीच धास्ती घेऊन जगतात.

तुम्ही घराचा स्लॅब घालताना पाहिला असेल. खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट ओलं असतं तोवर सगळा भार त्या टेकूंवर असतो, आणि ते पिकलं की स्लॅब स्वतःच्या ताकदीवर उभा राहतो. पाठीतल्या रॉडचं काम तेच. ऑपरेशनमध्ये आम्ही मणके सरळ करून स्क्रू-रॉडनं धरून ठेवतो, त्यांच्यामधले सांधे खरवडतो आणि वर हाडाचा चुरा पसरतो. पुढच्या सहा महिने ते वर्षभरात ते मणके जुळून एकसंध हाड तयार होतं. त्यानंतर खरा भार ते हाड घेतं. फरक इतकाच, की सेंटरिंग काढतात आणि रॉड सहसा आतच राहू देतात.

हाड जुळलंच नाही तर? मग प्रत्येक पावलागणिक, प्रत्येक वाकण्यागणिक रॉड किंचित वाकत राहतो. तार हातात धरून पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, तसा तोही एक दिवस तुटतो. स्टील असो, टायटॅनियम असो की कोबाल्ट-क्रोम. म्हणून चार-पाच वर्षांनी रॉड तुटलेला दिसला, की मी आधी बघतो ते हाड कुठे जुळायचं राहिलं आहे का.

हा धडा वैद्यकशास्त्र फार पूर्वी शिकलं. १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे पोलिओनं कणा वाकलेली मुलं येत होती. त्यांनी पाठीत सळई बसवून कणा ताणायला सुरुवात केली. हाड जुळवण्याची जोड नव्हती, तेव्हा सळया तुटायच्या, त्यांना मणक्यांत अडकवणारे हुक सुटायचे. मिनियापोलिसच्या डॉ. जॉन मो यांनी हाड जुळवण्यावर भर दिला, ती जोड मिळाली आणि गणित बदललं. १९६२ मध्ये हॅरिंग्टन यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभर तीच वापरली गेली.

त्या सळया बसवलेल्या माणसांचं पुढे काय झालं? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना ऑपरेशननंतर सरासरी वीसहून अधिक वर्षांनी परत बोलावून तपासलं. बाक सरासरी साडेतीन अंशच वाढला होता. १५६ पैकी ८ जणांना बाकाशी संबंधित आणखी एखादं ऑपरेशन लागलं होतं. मला या आकड्यांनी फार धीर दिला आहे.

पण त्याच सळईनं वेगळा त्रासही दिला. ती जॅकसारखी कणा ताणायची, त्यामुळे कमरेची नैसर्गिक खोलगट कमान सपाट व्हायची. चाळिशीनंतर काही जण पुढे झुकू लागले, सरळ उभं राहायला गुडघे वाकवावे लागले. धातू शाबूत, हाड जुळलेलं, आणि तरी ऑपरेशन परत! आताचे स्क्रू ही कमान राखता येईल अशा बेतानं बसवता येतात.

आजच्या पद्धतीत किशोरवयीन मुलांमध्ये शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना दहाएक वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागतं. मोठ्या वयात केलेल्या दुरुस्तीत हे प्रमाण बरंच जास्त असतं. कधी स्क्रू चुकीच्या जागी असतो, कधी बाक रॉडच्या खाली सरकतो. काही वेळा कातडीवरचा एखादा जंतू आत वर्षानुवर्षं गप्प बसतो. ताप नाही, काही नाही, आणि एक दिवस जुन्या व्रणातून पाणी येऊ लागतं. तोवर हाड बहुधा जुळलेलं असतं, म्हणून रॉड काढून औषधं देता येतात. मात्र रॉड काढल्यावर बाक थोडा परत येऊ शकतो, तेव्हा तपासणी सोडू नये. रॉड जितका खाली कमरेपर्यंत नेला, तितक्या कमी मोकळ्या चकत्यांवर, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्यांवर, पुढच्या आयुष्याचा ताण पडतो. म्हणून खालचा एकेक मणका वाचवायला आम्ही धडपडतो.

लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांचा कणा वाढायचा असतो, म्हणून लांब होत जाणारे रॉड बसवतात आणि पुढच्या ऑपरेशनांची तयारी पहिल्या दिवसापासूनच ठेवावी लागते.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, ऑपरेशनला नऊ वर्षं झालेली. पाण्याची कळशी उचलताना पाठीत 'कट्' झालं. रॉड तुटला होता, मधल्या दोन मणक्यांत हाड जुळलेलं नव्हतं. रोज दोनदा मिश्री लावायच्या. तंबाखू हाड जुळण्याच्या आड येऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आत कोणत्या कंपनीचे स्क्रू आहेत याचा कागदही नव्हता. नवीन रॉड जुन्या स्क्रूंना बसायला हवा, त्याला हत्यारंही त्याच मापाची लागतात. तो शोध घेण्यात आमचे तीन आठवडे गेले, आणि त्या बाई तोवर आडव्या पडून.

श्रोतेहो, तुटलेला प्रत्येक रॉड काढावा लागतो असं नाही. हाड पक्कं असेल आणि दुखत नसेल तर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. पण नव्यानं दुखायला लागलं, उंची किंवा खांदे बदलल्यासारखे वाटले, व्रण ओला दिसला, तर लगेच एक्स-रे काढून घ्या. आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. त्यावर कंपनीचं नाव, माप, क्रमांक सगळं असतं.

त्या आईलाही मी हेच सांगितलं. तिनं मुलीच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तपासणीच्या तारखा लिहून घेतल्या, पहिल्या वर्षाच्या, दुसऱ्या वर्षाच्या, पाचव्या वर्षाच्या. मग मुलगी म्हणाली, "दहाव्या वर्षाची मी लिहीन," आणि तिनं पेन हातात घेतलं.

नमस्कार.