मासा जिवंत, पण वीण बंद

नमस्कार श्रोतेहो. तापी-गिरणेत मेलेले मासे तरंगले की गावभर बोंब होते. संप्रेरकांत, म्हणजे हार्मोन्समध्ये, ढवळाढवळ करणारी रसायनं मात्र अशी बोंब होऊच देत नाहीत. मासा पोहतो, खातो, वाढतो. फक्त विणीची कामं सोडतो.

गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल इस्ट्राडिओल, म्हणजे कृत्रिम मादी-संप्रेरक, लघवीवाटे सांडपाण्यात आणि तिथून नदीत उतरतं. ते अंगात गेलं की नराच्या यकृतात व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, बनायला लागतं. नर-संप्रेरक घटतं. घरटं करणं, हद्द राखणं, मादीपुढे मिरवणं सगळं त्याच्याच जोरावर चालतं.

मात्रा किती लागते? कॅनडात ऑन्टारिओतल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे हे रसायन लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम ठेवलं होतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आपल्या धरणांच्या हिशेबात एक दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, पाण्यात 5-6 ग्रॅम! तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाची संख्या कोसळली. रसायन थांबवल्यावर सावरायला काही वर्षं गेली.

उलटा प्रकारही आहे. अमेरिकेत मांसाच्या जनावरांना देतात त्या ट्रेनबोलोन या कृत्रिम नर-संप्रेरकामुळे नर गप्पी मादीपुढे मिरवणं कमी करतो आणि मागून जबरदस्ती जास्त. डासांसाठी हौदात सोडतात तोच हा गप्पी. धडधाकट नर अंग वाकवून मादीपुढे थरथरतो. दहा मिनिटं शांत बसलं तर सहज दिसतं.

तलावात चिलापी बघा. नर काठालगत तळाशी परातीसारखा खड्डा करतो आणि जवळ येणाऱ्याला हाकलतो. खड्डेच नाहीत, किंवा आहेत पण राखणदार नाही, तर शंका घ्या. लगेच निष्कर्ष नको. थंडी, गढूळ पाणी, दाटी यांनीही वीण थांबते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी प्राणवायूची कमतरता तपासा.

फवारणीच्या काही औषधांचाही संप्रेरकांवर परिणाम होतो. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. पंप धुतलेलं पाणी त्याच शेतात शिंपडा, नाल्यात नको.

सामू, प्राणवायू अशा नेहमीच्या तपासणीत हे काही सापडत नाही. प्रयोगशाळेला संप्रेरक-रसायनं तपासायला स्पष्ट सांगा. नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून पाठवा. प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, कारण तिच्यातूनच अशी काही रसायनं पाण्यात उतरतात.