गावाच्या खोलीतली वही

(दृश्य: परळची चाळ, लाकडी जिना. खांद्यावरून उतरणाऱ्या पत्र्याच्या ट्रंका.)

परळच्या चाळीतली ही खोली एका माणसाची नाही, एका गावाची आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातलं. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून ही खोली घेतली. रात्रपाळीचा गडी येऊन आडवा व्हायचा, तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असायचा. जागा एकच, पथारी दोघांची. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोली मात्र गावाकडेच राहिली. आता इथे राहतात ते माथाडी. कुणी मशीद बंदरला, कुणी वाशीच्या मार्केटला.

आज ते आपापल्या ट्रंका खाली नेताहेत. उद्यापासून इथे गावातली नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिचे आईवडील राहतील. मुलीला ब्लड कॅन्सर आहे. टाटा हॉस्पिटल इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

(दृश्य: भिंतींना चुना. फिनेलची बादली. माळ्यावरची जाळी काढणारे दोघे.)

खोली नुसती रिकामी करून भागत नाही. केमोथेरपी सुरू झाली की अंगातली प्रतिकारशक्ती तळाला जाते. साधा सर्दीचा माणूससुद्धा शेजारी नको. पाणी उकळलेलं, अन्न ताजं शिजवलेलं. आणि ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठायचं. ज्यांचं बिऱ्हाड विरार-बदलापूरला आहे, त्यांना विचारा ही रात्र कशी जाते.

(दृश्य: हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ. प्लास्टिकच्या पिशव्या, चटया, स्टोव्ह.)

२८ फेब्रुवारी १९४१ ला हे हॉस्पिटल सुरू झालं. आज इथे बिहारचा, बंगालचा, आसामचा माणूस बीडच्या माणसाशेजारी चटई टाकून बसतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड्सची केंद्रं आहेत. तिथे जागा मिळाली तर नशीबच. पण येणारी माणसं फार, खोल्या थोड्या. या मुलीचे आईवडीलसुद्धा आधी याच फुटपाथवर होते, आणि गावाची खोली इथून हाकेच्या अंतरावर असताना त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला वाटत होतं, कुणाच्या दारात जायचं कसं?

(दृश्य: दोनशे पानी वही. बॉलपेन. वहीवर बोट ठेवून वाचणारे चुलते.)

हे मुलीचे चुलते. कुठल्या दिवशी कोण येणार, कुठलं काम कोण करणार, ते या वहीत लिहिलेलं असतं. मागायचं काम त्यांनी आईबापाच्या अंगावरून काढून आपल्याकडे घेतलं. आम्हाला या सगळ्या चित्रणात सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. पोरीच्या उशाशी बसलेल्या आईने फोन उचलून प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, वर आभार मानायचे, हे तिच्याकडून होणार नव्हतं. आता फोन चुलत्यांना येतात, निरोप चुलते देतात.

पहिला संदेश गेला होता तो असा: आर्थिक मदतीची गरज आहे, कृपया पुढे पाठवा. तो पुढे गेला, गेला, आणि भलत्याच कुठल्या तरी गटातून फिरून गावात परत आला. हळहळ पुष्कळ जमली. एका संकेतस्थळाने पैसे गोळा करून देतो म्हटलं, पण त्यांना मुलीचा रडतानाचा फोटो हवा होता. वडिलांनी तिथेच नाही म्हटलं. आम्हीही या चित्रफितीत तिचा चेहरा दाखवलेला नाही.

दुसरा संदेश पडद्यावर आहे. त्यात मागितल्यात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. पूर्ण वाचू.

"मुलगी, वय ९. रक्तगट बी पॉझिटिव्ह. गुरुवारी सकाळी आठला प्लेटलेट्ससाठी दोन दाते हवेत. वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर. गेल्या तीन दिवसांत अंगदुखीची गोळी घेतलेली नसावी. पोटभर खाऊन यावे. ओळखपत्र आणावे. अर्धा दिवस मोडेल. येणाऱ्याने नाव कळवावे. दोन नावं झाली की बाकीच्यांनी थांबावे, पुढच्या वेळी लागेल."

शेवटची ओळ पुन्हा वाचा. एकाच दिवशी वीस माणसं आली तर अठरा परत जातात, आणि पुढच्या आठवड्यात कुणीच मिळत नाही.

(दृश्य: पहाट, वाशीचं मार्केट. पाठीवर गोणी, दिव्यांचा उजेड.)

अंगदुखीच्या गोळीची अट माथाड्यांसाठी सोपी नाही. दिवसभर गोणी वाहणारा माणूस रात्री गोळी घेतो, तेव्हा त्याची पाठ जमिनीला टेकते. ॲस्पिरिनसारख्या गोळीने प्लेटलेट्सचं काम मंदावतं, म्हणून ती चालत नाही. गुरुवारी ज्याचं नाव आहे, तो सोमवारपासून गोळीशिवाय ओझं उचलतो. हा बघा, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. याचं नाव वहीत आहे.

माथाडी टोळीने काम करतात, मजुरीही टोळीत वाटली जाते. एक जण रक्तपेढीत गेला तर त्याच्या वाटणीच्या गोणी उरलेल्यांच्या पाठीवर येतात. मुकादमाने टोळीला विचारलं, टोळी हो म्हणाली, त्या दिवसाचा वाटा त्याला मिळतो. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. एकमेकांचा वाटा धरून ठेवायची सवय या माणसांना नवी नाही.

(दृश्य: रक्तपेढी. दंडाला पट्टा, फिरणारं यंत्र, भरत जाणारी पिवळसर पिशवी.)

आत आल्यावर आधी तपासणी. हिमोग्लोबिन साडेबारा हवं, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, सगळ्या चाचण्या होतात. मग हाताला सुई. रक्त यंत्रात जातं, गरगर फिरतं, प्लेटलेट्स बाजूला काढल्या जातात, आणि बाकीचं रक्त माणसाच्या अंगात परत येतं. तासभर, कधी दीड तास. मध्येच ओठांना मुंग्या येतात, तेव्हा कॅल्शियमची गोळी देतात. एरवी पाच-सहा जणांच्या रक्तातून जेवढ्या प्लेटलेट्स निघतील, तेवढ्या एकट्याकडून मिळतात. त्या दिवशी ओझं उचलायचं नाही एवढं पथ्य.

केमोचं औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर हाडांच्या मज्जेतल्या चांगल्या पेशीही मारतं. निरोगी माणसाच्या प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात. त्या दहा हजारांच्या खाली आल्या की कुठूनही रक्त सुरू होऊ शकतं. आणि ही पिशवी टिकते फक्त पाच दिवस, तीही २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ट्रेवर. शीतपेटीत साठा करून ठेवता येत नाही. म्हणून माणसांची रांगच लागते. पैसे देऊन दाता आणायला १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आहे. मागण्यावाचून गत्यंतर नाही.

(दृश्य: पाटण तालुका, पाऊस. चिखलात वाकलेल्या बायकांची रांग. भाताची रोपं.)

वहीचं दुसरं पान गावाकडे आहे. त्यावर पैशाचं नाव नाही. लावणी कोण करणार? म्हशीची धार कोण काढणार? मोठ्या भावाला शाळेला कोण सोडणार? आजी एकटी, तिच्याकडे रात्री झोपायला कोण?

लावणी पैऱ्याने झाली, म्हणजे आज यांच्या शेतात, उद्या त्यांच्या, अशी कामाची फेड कामाने. ज्यांनी हे शेत लावलं, त्यांचं देणं मुलीचे वडील नंतर कधीतरी फेडतील, असं देवळात सगळ्यांसमक्ष ठरलं. हे "नंतर" ठरलं म्हणूनच आईने मान वर केली, असं आम्हाला वाटतं. तिला फुकट नको होतं. यात्रेच्या वर्गणीतून वाद्यवृंदाचा खर्च कापला, तो मुलीसाठी ठेवला. त्यावर देवळात थोडा आवाज चढला, पण ठरलं.

(दृश्य: पिशवीतली कागदपत्रं. रेशनकार्ड.)

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र कागद करून देतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, दाखला हॉस्पिटलचा. हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय. खोली, दूध, रिक्षा, बुडालेली हजेरी मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही.

वडिलांची नोकरी गेली. आईचं सोनं सोसायटीत गहाण आहे. उपचार दोन ते अडीच वर्षांचे, त्यातले पहिले महिने झाले.

(दृश्य: वहीची पानं. पुढच्या महिन्याच्या तारखा, समोर नावं, काही जागा कोऱ्या.)

शेजारच्या खोऱ्यातल्या दोन मंडळांनी या वहीच्या पानांचे फोटो मागवून नेले. तुमच्या गावाची मुंबईत, ठाण्यात, पुण्यात खोली असेल, तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: गावातल्या कुणावर ही वेळ आली तर खोली किती दिवसांत मोकळी होईल? कुणाचा रक्तगट काय, याची यादी आहे का? आणि घरच्यांच्या वतीने फोन कोण उचलेल?